एका सकाळचा हरित पट्टा

राज्याचं पर्यावरण शिक्षण कसं असावं हे ठरवायला मोठमोठी माणसं कशाला पाहिजेत हो? माझ्यासारखा एक मास्तर घ्या, त्याला चार दस्ते कागद द्या, आणि बाजूला व्हा! मी उगाच फुशारकी मारत नाही. मी ते काम खरंच करून ठेवलं होतं. पहिली ते बारावीचा 'सर्वंकष पर्यावरण शिक्षण आराखडा'! पानं चौऱ्याऐंशी, तक्ते सोळा, आणि आष्टीला जाऊन तक्त्यांना लॅमिनेशनसुद्धा केलेलं. लॅमिनेशनवाला म्हणाला, "गुरुजी, एवढी काळजी लोक जमिनीच्या कागदाची बी घेत न्हाईत."

मी शहादेव गुरुजी. सावरझरीच्या जिल्हा परिषद शाळेवर मास्तर. शाळा दोन मास्तरांची, पण दुसरे राधाकिशन गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले. तेव्हा शाळा म्हणजे मीच. त्या वर्षी शिक्षण खात्यानं ठरवलं की सगळ्या राज्यासाठी पर्यावरणाचा एक नवा कार्यक्रम आखायचा. शाळांनी आपापले उपक्रम कळवायचे, आणि एक समिती निवडक शाळा बघून त्यातलं चांगलं ते राज्याच्या पुस्तकात घालणार. मी आराखडा पाठवला. आणि महिन्याभरात पत्र आलं! 'समिती गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपल्या शाळेस भेट देईल.'

मी पत्र घेऊन पळतच घरी गेलो.

"अगं ऐकलंस का! राज्याच्या पुस्तकात माझा फोटो येणार!"

आमची सत्यभामा ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"फोटो येईल तवा येईल. आज टँकर यायचाय, आधी हंडे नेऊन लावा," ती म्हणाली.

आमच्या घरात माझ्या मोठेपणाची किंमत ही एवढी! तरी मी हंडे लावून आलो. नाही लावून सांगतो कुणाला?

कारण त्या वर्षी दुष्काळच तसा होता. विहिरीत नुसते खडक दिसत होते. टँकर दिवसाआड यायचा, आणि घरटी तीन हंडे मिळायचे. त्यात सत्यभामेनं शेजारच्या छबुकाकूचं ऐकून घरात एक नवीनच कायदा काढला होता. आंघोळ मोरीत करायची नाही! अंगणात सुतळीची बाज टाकायची, बाजेखाली मोठं घमेलं ठेवायचं आणि बाजेवर बसून आंघोळ करायची. अंगावरचं पाणी सुतळीतून गळून घमेल्यात जमा होणार. साबणही बंद, अंगाला डाळीचं पीठ. का, तर साबणाचं पाणी परसातल्या लिंबोणीला सोसत नाही म्हणे!

"मी राज्यस्तरावरचा माणूस," मी म्हणायचो, "आणि बाजेवर बसून आंघोळ करू? कुणी बघितलं तर?"

"बघू द्या की. कोन बघाया येतंय तुमाला?" सत्यभामा म्हणायची.

आराखड्यात मी 'पाण्याचा पुनर्वापर' हे अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यात टाक्या होत्या, नळ्या होत्या, एक मोटर होती, सगळीकडं निळे बाण होते. बाजेचा उल्लेख मात्र चौऱ्याऐंशी पानांत एकदाही नव्हता. असल्या गोष्टी कुणी लिहितं का?

तर, समिती येणार. पण माझा पहिलाच तक्ता 'हरित परिसर' असा होता, आणि शाळेच्या अंगणात हिरवं असं काही असेल तर ते शाळेचं दार! तेसुद्धा दोन वर्षांपूर्वी रंगवलेलं. मी अंगणात उभा राहून चहूकडं नजर फिरवली. मुरूम, मुरूम आणि मुरूम. कपाळाला हात लावणार, तेवढ्यात शाळेच्या मागच्या माळावरून वारा आला आणि त्या वाऱ्याला ओल्या उसाचा वास होता.

शाळेच्या मागंच चारा छावणी होती. गावच्या सहकारी दूध संस्थेनं चालवलेली. गावातली दोन-अडीचशे जनावरं तिथं दावणीला बांधलेली, आणि रोज दुपारी ट्रकनं ऊस यायचा, चांगला हिरव्यागार वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पानांसकट. दर जनावरामागं वजन करून वाटायचा. मी त्या उसाकडं बघितलं, मग अंगणाकडं बघितलं. डोक्यात लख्ख उजेड पडला!

दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव. अंगानं दांडगा माणूस, पण त्या दिवसांत छावणीच्या काळजीनं निम्मा झालेला. मी त्यांच्याकडं गेलो.

"सुंदरराव, एका दिवसापुरता दीडशे ऊस द्या. उभा करतो आणि परत देतो."

"मास्तर, येड लागलंय का तुमाला?" सुंदरराव उडालेच. "छावणीची मुदत संपत आलीया. शनवारी पाहणी पथक येनार हाय. ते लिव्हतील तसं व्हनार. टंचाई हाय म्हनले तर छावणी पावसाळ्यापतुर चालू, न्हाई म्हनले तर सोमवारपासनं बंद. आन् तुमी मला सरकारी चारा मागता? एक वाढं जरी इकडचं तिकडं झालं तर माझी मान गेली!"

"पण राज्याचा कार्यक्रम..."

"न्हाई म्हंजे न्हाई!"

मग मी छबुकाकूकडं गेलो. छबुकाकू म्हणजे छबुबाई. एकटी बाई. दोन म्हशी, आणि त्यांच्या दुधावर सगळा संसार. थोरलीचं नाव मैना. म्हशी छावणीत, म्हणून काकूही छावणीतच, तिथंच ताडपत्रीखाली राहायची. छावणी उठली तर काय करणार, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आष्टीचा बाजार. दुसरं काय? पर मैनाला इकून मी घरी कोनत्या तोंडानं येऊ?"

हे सगळं ठाऊक असूनही मी तिच्यापुढं उभा राहिलो. काय करणार, डोक्यात आराखडा होता!

"काकू, आजचा तुझ्या वाट्याचा ऊस मला दे. उद्या दुपारी सगळा परत."

"आन् म्हशीनी रातच्याला काय खावं?"

"एका रात्रीचाच प्रश्न आहे गं. समिती येणार, हिरवं बघणार, पोरांच्या पुस्तकात आपल्या गावचं नाव लागणार!"

छबुकाकू जरा वेळ मैनाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पोरांच्या पुस्तकासाठी म्हन्ता?"

"अगदी पोरांसाठी!"

"मग न्या," ती म्हणाली. तिचं बघून आणखी सात-आठ जणींनी आपल्या वाट्यातला ऊस काढून दिला. सुंदरराव तेव्हा संस्थेत दूध मोजत होते, त्यांना पत्ता नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर पोरं आणि मी कामाला लागलो. मुरमात हातानं काय रोवणार? पहार घेतली. एक भोक, एक ऊस. दुसरं भोक, दुसरा ऊस. माझ्या हाताला फोड आले, पण दिवस मावळेपर्यंत शाळेपुढं उसाच्या सहा रांगा डौलात उभ्या राहिल्या! वाऱ्यानं वाढी सळसळायला लागली, आणि माझं मन असं भरून आलं की मी पोरांना म्हणालो, "बाळांनो, ह्याला म्हणतात पर्यावरण!"

एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, ह्याला ऊस म्हन्तेत."

गुरुवारी सकाळी मी पांढरेशुभ्र कपडे घालून आठलाच शाळेत हजर. सोळा तक्ते भिंतीला लावले, उसाच्या शेंड्यांवर पाण्याचा हात मारला, म्हणजे दव पडल्यासारखं दिसतं. आणि नऊ वाजता पांढरी जीप आली! तीन माणसं उतरली. हातात फायली, डोक्याला रुमाल. मी म्हणालो, वा रे वा, याला म्हणतात तळमळ! अकराची वेळ दिली आणि नऊलाच हजर!

पोरांनी स्वागतगीत सुरू केलं. मी नारळ घेऊन पुढं झालो.

"या साहेब, या! लवकर आलात ते फार बरं झालं, ऊन व्हायच्या आत सगळं बघून होईल."

त्यातले मोठे साहेब जरा गोंधळले. "आम्ही पाहणीला आलोय," ते म्हणाले.

"माहितीय ना साहेब! म्हणून तर ही तयारी!"

साहेबांची नजर उसावर गेली. चष्मा वर करून त्यांनी परत बघितलं.

"हा ऊस?"

"ऊस, साहेब! हरित पट्टा क्रमांक एक."

"ह्या गावात? शाळेच्या अंगणात?"

"हे काहीच नाही. पुढच्या वर्षी केळी लावतो!"

"पाणी कुठनं आणता?"

आता पाणी म्हटलं की माझं सहावं प्रकरण! मला अंगात आल्यासारखं झालं.

"पाण्याचं काय घेऊन बसलात साहेब! पाणी नाही पाणी नाही म्हणून रडणारी गावं वेगळी. आमचं गाव नियोजनाचं!"

"म्हणजे पाणी पुरतं?"

"पुरून उरतं!"

साहेबांनी खिशातला पेन काढला आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मला आनंदानं घाम फुटला. लिहून घेतायत! माझं वाक्य लिहून घेतायत! दुसऱ्या साहेबानं विचारलं, "आणि जनावरांचं कसं काय?"

"जनावरं एकदम तृप्त!"

"मग ही मागं छावणी दिसतेय ती?"

"छावणी असू द्या हो. तिकडं शेण आहे, धूळ आहे. तुम्ही हिरव्याकडं बघा साहेब, हिरव्याकडं!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पेन परत चालला. तेवढ्यात छावणीकडून सुंदरराव धावत आले. एक चप्पल पायात, दुसरी हातात, तोंड पांढरंफटक. मला दंडाला धरून त्यांनी बाजूला ओढलं.

"मास्तर, काय बोललात ह्येंच्यासंगं?"

"सगळं सांगितलं! पाणी, चारा, सगळं! खूश आहेत. ही पुण्याची समिती..."

"कसली समिती! ही शनवारची मानसं हायेत, आज आलीत! दुष्काळाचं पाहणी पथक!"

माझ्या हातातला नारळ पडला. पडला तो नेमका सुंदररावांच्या बिनचपलीच्या पायावर. पण त्यांना तेही कळलं नाही, एवढी दोघांची अवस्था वाईट! मी तसाच साहेबांपुढं धावलो.

"साहेब, पाणी नाही हो गावात! एक थेंब नाही!"

"आत्ता म्हणालात पुरून उरतं."

"ते... ते शैक्षणिक होतं!"

"आणि हा ऊस?"

"ऊस पण शैक्षणिक आहे साहेब! हे बघा!" म्हणून मी एक ऊस उपटला. उपटायचा कसला, नुसता उचलला. त्याला मूळ ना माती, खाली कोयत्यानं केलेला तिरका काप. साहेबांनी तो काप निरखून बघितला आणि त्यांचा चेहरा अजूनच कडक झाला.

"हा तोडून आणलेला आहे. कुठून आणला?"

मी ऊस पाठीमागं लपवला. सुंदरराव हातातली चप्पल निरखायला लागले. पोरांचं स्वागतगीत तेवढं चालूच होतं, कारण त्यांना थांबा म्हणायचं मी विसरलो होतो.

"छावणीतला चारा दिसतोय," साहेब म्हणाले. "चेअरमन, आता तुम्हीच सांगा. गावात ऊस पिकत असेल तर छावणी कशाला पाहिजे? आणि पिकत नसेल तर छावणीचा चारा बाहेर काढून असा मिरवता, मग तर छावणी बंदच केली पाहिजे. दोनातलं कुठलं लिहू?"

चौऱ्याऐंशी पानांत ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं! माझ्या डोळ्यापुढं छबुकाकूच्या दोन म्हशी आल्या. आणि डोळ्यापुढं आल्या म्हणजे खरंच आल्या! कालपासूनची भूक, त्यात वाऱ्यानं तिकडं गेलेला उसाचा वास. मैनानं खुंटाच उपटला होता. दावं जमिनीवर फरफटत, शेपूट वर, ती सरळ हरित पट्टा क्रमांक एकमध्ये घुसली. मागनं धाकटी. त्यांच्या मागनं छबुकाकू, "आगं मैने, थांब! आगं पोरांच्या पुस्तकाचा हाय त्यो!"

मैना कशाला थांबते! दोन घासात एक ऊस. आडवं खाई, उभं खाई, पुढचं तोंडात असताना मागचं तुडवी. शेवटी मी पुढं झालो. माझ्या मेहनतीचं रान होतं ते! मैनाचं दावं हातात धरलं आणि "हो! हो!" केलं. मैनानं एकवार माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या रांगेकडं चालू लागली. दाव्यासंगं मीही! पहिल्या रांगेपासून तिसरीपर्यंत पायावर, आणि तिथून पुढं पोटावर. चौथ्या रांगेत धाकट्या म्हशीनं आधीच शेण टाकून ठेवलेलं होतं, त्यात मी तोंडासकट जाऊन पोहोचलो. पोरांचं गाणं तेव्हा कुठं थांबलं.

मी डोळे पुसून बघतो तर छबुकाकू साहेबांपुढं हात जोडून उभी.

"सायेब, चेअरमनचा काय बी दोष न्हाई. ह्यो ऊस माझ्या म्हशींच्या वाट्याचा. मीच दिला गुरुजींना."

"तुमच्या म्हशींचा चारा तुम्ही का दिला?"

"गुरुजी म्हनले, पोरांचं पुस्तक व्हायचंय. पोरांच्या नावानं मागितल्यावर न्हाई कसं म्हनू? एक रात उपाशी ऱ्हायली म्हस. मी बी ऱ्हायले तिच्यासंगं. ती बगत असताना मला भाकर ग्वाड लागंना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर छावणी बंद करू नका सायेब. बंद केली तर बाजारात न्यावी लागंल तिला."

खरं सांगतो, त्या वेळी मला शेणाची घाण वाटली नाही, एवढी माझी मलाच लाज वाटली. राज्यातल्या सगळ्या पोरांना निसर्गावर प्रेम करायला शिकवायला निघालेला मी, आणि एका म्हातारीला आणि दोन म्हशींना उपाशी ठेवून बसलो होतो!

साहेब मैनाजवळ गेले आणि तिच्या बरगड्या बघत राहिले. मैना खातच होती. मग ते छावणीत एक चक्कर मारून आले, टँकरची वही बघितली, विहिरीत वाकून बघितलं. परत आले तेव्हा त्यांनी फाईल उघडली आणि 'पुरून उरते' ह्या शब्दांवर दोन रेघा मारल्या.

"पावसाळ्यापर्यंत छावणी चालू ठेवावी अशी शिफारस करतो," ते म्हणाले. "ह्या म्हशीपेक्षा जास्त पुरावा कशाला पाहिजे? आणि गुरुजी..."

"हां साहेब?"

"ह्यापुढं कुठल्याही पथकाशी तुम्ही बोलू नका."

जीप गेली. छबुकाकू मैनाच्या गळ्यात पडून रडायला लागली. सुंदररावांनी मला शिवी द्यायला तोंड उघडलं, मग माझा अवतार बघून हसायलाच लागले. मीही हसलो. आणि हसता हसता घड्याळाकडं बघितलं. साडेदहा!

अकराला खरी समिती! हरित पट्टा मैनाच्या पोटात, अंगणात दीडशे भोकं, आणि मी डोक्यापासून पायापर्यंत शेणानं सारवलेला! मी घराकडं अशी धूम ठोकली की गावातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

"पाणी! आंघोळीला पाणी!"

सत्यभामेनं मला नखशिखांत बघितलं. तिनं काय झालं असंसुद्धा विचारलं नाही. अंगणात बाज टाकली, खाली घमेलं सरकवलं, बादली ठेवली.

"मोरीत जाऊ दे ना आजच्या दिवस!"

"अख्खी बादली मोरीत घालवू? बसा बाजेवर!"

बसलो. अंगावर पट्ट्यापट्ट्याची चड्डी. शेण निघता निघेना, म्हणून तिनं वाटीभर डाळीचं पीठ कालवून दिलं. ते मी तोंडाला, केसांना, छातीला, सगळीकडं थापलं. आता डोळे उघडायची सोय नाही. त्यात छबुकाकू माझी विचारपूस करायला आलेली, तिच्या सूचना सुरू झाल्या.

"गुरुजी, हळू वता. भाईर सांडतंय."

मी आधीच तापलेला. "माहितीय गं काकू! हे पाणी आधी माझ्या अंगाला, मग त्यात माझा शेणाचा सदरा भिजवायचा, मग त्यातच शेण कालवून अंगण सारवायचं, आणि उरलं ते लिंबोणीला! तोंडपाठ झालंय मला! रोज तेच, रोज तेच!"

"वा!" कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज, पण सत्यभामेचा नाही, काकूचाही नाही. "आणि साबणाऐवजी हे काय लावलंय?"

मी एक डोळा किलकिला केला. फाटकाशी माझी शाळेतली सगळी पोरं, त्यांच्यापुढं दोन पुरुष आणि सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई. बरोबर अकरा वाजले होते. शाळेत गुरुजी नाहीत म्हटल्यावर पोरांनी समितीला घरीच आणलं होतं! आणि मी बाजेवर बसलेला, कढईत सोडायच्या आधीच्या भज्यासारखा!

"डाळीचं पीठ हाय ते," छबुकाकूनं माझ्यावतीनं सांगितलं. "साबन लावला की झाडाला पानी चालत न्हाई."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय? माझी आई असंच करायची. गेल्या मोठ्या दुष्काळात आमी एक घागर पानी चार कामाला वापरलंय बाई. ह्यात काय शिकवायचं?"

"तुम्हाला येतं हो," बाई म्हणाल्या, "आम्हाला येत नाही ना." त्या परसात गेल्या. त्या उन्हाळ्यात सगळ्या सावरझरीत हिरवं उभं असलेलं ते एकच झाड होतं, आमची लिंबोणी. त्यांनी एक पान हातात धरलं आणि सोबतच्यांना म्हणाल्या, "आपण सकाळपासून असलंच काहीतरी शोधतोय." मग माझ्याकडं वळल्या. "एक फोटो घेऊ का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडात पीठ गेलं. आणि तेवढ्यात सत्यभामा म्हणाली, "घ्या की बाई! त्येंला फोटोची लई हौस हाय."

कॅमेरा पुढं आला तशी मी दचकून उठायला गेलो आणि एक पाय खाली जमिनीवर पडला. पायावरून पाणी मुरमात चाललं.

"पाय आत घ्या, गुरुजी!" छबुकाकू ओरडली. "सगळं वाया चाललंय!"

आणि तेवढ्यात फोटो निघाला.

आराखडा मी त्यांना दिला. बाईंनी तो अगदी आदरानं घेतला, चाळला, नळ्या आणि मोटरीच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "लॅमिनेशन छान झालंय." मग त्या तासभर छबुकाकूजवळ बसून लिहून घेत राहिल्या. जाताना सत्यभामेनं त्यांना लिंबाचं सरबत दिलं.

छावणी पावसाळ्यापर्यंत चालली. मैना आष्टीच्या बाजारात गेली नाही. पाऊस झाला, गवत आलं, जनावरं घरोघर परतली. आणि दिवाळीनंतर शाळेत एक गठ्ठा आला. राज्याच्या पर्यावरण शिक्षणाचं नवं पुस्तक! मी गठ्ठा पोरांसमोरच फोडला. पान सतरावर धडा होता, 'एक बादली, चार कामे', आणि वर मोठ्ठा रंगीत फोटो!

मीच होतो! म्हटल्याप्रमाणं मी राज्याच्या पुस्तकात आलो होतो! बाज, घमेलं, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी खालची ओळ वाचली. 'मार्गदर्शक : छबुबाई, सावरझरी. बाजेवर : एक ग्रामस्थ.'

एक ग्रामस्थ! चौऱ्याऐंशी पानं लिहिणारा माणूस, आणि एक ग्रामस्थ!

सुंदररावांनी ते पान दूध संस्थेत काचेच्या फ्रेममध्ये लावलंय. दूध घालायला येणारी प्रत्येक बाई आधी फोटोला बघते, मग मला बघते. छबुकाकूला मात्र फार आनंद झाला. ती अजूनही आठवड्यातून एकदा तांब्याभर दूध आणून देते आणि म्हणते, "मैनानं धाडलंय, पुस्तकवाल्या गुरुजींना." एवढ्यानंसुद्धा मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

अडचण एकच आहे. धड्याच्या शेवटी स्वाध्याय आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न असा: 'चित्र नीट पाहा. चित्रातील ग्रामस्थाची कोणती चूक होत आहे?'

दरवर्षी हा प्रश्न वर्गात मलाच विचारावा लागतो. आणि दरवर्षी सगळा वर्ग एका आवाजात ओरडतो, "गुरुजी, तुमचा एक पाय घमेल्याच्या भाईर हाय!"

उत्तर बरोबर असतं. मी पूर्ण गुण देतो.